दोन वचनें : कॅनडाच्या पार्लमेंटांतील एक प्रकरण

४ डिसेंबर २०१५ रोजीं कॅनडाची राजधानी ओटावा येथें नव्या पार्लमेंटाचें उद्घाटन झालें. गव्हर्नर-जनरल डेव्हिड जॉन्स्टन यांनीं सेनेटच्या दालनांत सिंहासनावरून जें भाषण वाचलें तें रिवाजाप्रमाणें त्यांचें स्वतःचें नव्हतें. नव्या मंत्रिमंडळानें तें लिहून दिलें होतें. भाषण लहानच होतें. त्यांत दोन वचनें अशीं होतीं कीं, त्यांचा एकमेकांशीं कांहीं संबंध असेल असें ऐकणारास वाटूं नये. २०१५ ची निवडणूक ही जुन्या मतदानपद्धतीची शेवटची निवडणूक ठरेल, हें एक. आणि गांजा कायदेशीर करून त्यावर सरकारी नियंत्रण बसविण्यांत येईल, हें दुसरें. दुसरें वचन तीन वर्षांच्या आंत पुरें झालें. पहिलें चौदा महिन्यांतच मोडलें. सरकार एकाच पक्षाचें, सभागृह तेंच, सभासद तेच आणि बहुमतहि तेंच. असें असतां एक वचन तडीस गेलें आणि दुसरें वाटेंतच कां राहिलें, हा प्रश्न केवळ कॅनडाचा नाहीं. लंडनच्या पार्लमेंटाचा कित्ता ज्या ज्या देशांनीं गिरविला त्या सर्वांचा तो आहे, आणि आपला देश त्यांतलाच एक होय.

हे दोन्ही प्रश्न कॅनडाच्या पार्लमेंटापुढें एकाच वर्षीं पूर्वींहि एकदां आले होते. तें वर्ष १९२३. त्या सालीं अफूच्या कायद्याची नवी मांडणी चालू होती. निषिद्ध द्रव्यांच्या परिशिष्टांत एक नवें नांव घालण्यांत आलें : इंडियन हेम्प, म्हणजे आपल्याकडील भांगेचें झाड. परिशिष्टांत एक नवें द्रव्य आलें आहे, एवढेंच आरोग्यमंत्री आंरी बेलां यांनीं सभागृहांत सांगितलें. त्या द्रव्यानें कोणाचें काय बिघडलें, हें कोणीं विचारलें नाहीं आणि मंत्र्यांनींहि सांगितलें नाहीं. सारा वादविवाद एवढाच. आदल्या वर्षीं एडमंटन येथील दंडाधिकारी एमिली मर्फी या बाईंनीं मादक द्रव्यांवर एक भडक पुस्तक प्रसिद्ध केलें होतें व त्यांत या वनस्पतीवर एक प्रकरण होतें. परंतु त्याचा कायद्यावर कितपत परिणाम झाला, याविषयीं इतिहासकारांत एकमत नाहीं. खरी गोष्ट ही कीं, बंदी आली तेव्हां कॅनडाच्या पोलिसांना गांजा ओढणारा माणूस क्वचितच दिसला असेल. पुढेंहि बरींच वर्षें त्यांना तो क्वचितच दिसला. गुन्हा देशांत येण्यापूर्वींच शिक्षा येऊन बसली होती.

या घाईची तुलना तीस वर्षें आधींच्या एका गोष्टीशीं करण्यासारखी आहे. मार्च १८९३ मध्यें लंडनच्या कॉमन्स सभेंत मद्यपाननिषेधाचे पुरस्कर्ते डब्ल्यू. एस्. केन यांनीं हिंदुस्थानांतील गांजाविषयीं प्रश्न विचारला आणि त्यांतून हिंदुस्थान सरकारनें एक कमिशन नेमलें. सात सभासदांच्या त्या कमिशननें प्रांतोप्रांतीं फिरून १,१९३ साक्षी घेतल्या. त्यांत वैद्य होते, मामलेदार होते, वेड्यांच्या इस्पितळांचे अधिकारी होते. १८९४ सालचा तो अहवाल कित्येक खंडांचा आहे. त्याचा निष्कर्ष असा कीं, माफक सेवनानें सहसा अपाय होत नाहीं, अतिरेकानें होतो. सबब सरसकट बंदी न करतां कर व परवाने यांनीं आळा घालावा. ज्या देशांत साधूच्या चिलमीपासून शिमग्याच्या घोटापर्यंत ही वनस्पति सर्वांना माहीत होती तेथें हजारावर साक्षी झाल्या. जेथें ती कोणीं पाहिलेलीहि नव्हती तेथें एकहि झाली नाहीं. (पुढें १९८५ च्या कायद्यानें आपल्याकडे गांजा व चरस निषिद्ध झाले, भांगेचें पान मात्र त्या व्याख्येंतून वगळलें गेलें. तो विषय निराळा.)

त्याच १९२३ सालीं कॅनडाच्या कॉमन्स सभेंत दुसरा प्रश्न आला तो मात्र रीतसर वादविवादासह आला. शेतकऱ्यांच्या प्रोग्रेसिव्ह पक्षाचे ऑंटॅरिओमधील सभासद विल्यम गुड यांनीं प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा ठराव मांडला. ठराव पडला. मौज अशी कीं, त्या वेळीं सत्तेवर असलेल्या लिबरल पक्षानें १९१९ च्या अधिवेशनांत हेंच तत्त्व आपल्या कार्यक्रमांत घातलें होतें, आणि त्याच अधिवेशनानें निवडलेले पुढारी मॅकेंझी किंग हे आतां पंतप्रधान होते. अधिवेशनांतील ठराव आणि खुर्चीवर बसल्यानंतरचें राजकारण यांमधील अंतर लिबरल पक्षाला २०१७ सालीं नव्यानें कळलें असें नाहीं.

येथें जुनी पद्धति म्हणजे काय तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. ती आपल्या परिचयाचीच आहे. देशाचे मतदारसंघ पाडावयाचे, प्रत्येकांतून एक सभासद, आणि ज्याला सर्वांत जास्त मतें तो निवडून आला; मग तीं मतें निम्म्यांहून कमी कां असेनात. पद्धति सोपी, निकाल रातोरात हातीं येतो, आणि मतदाराला आपला सभासद कोण हें ठाऊक असतें. परंतु देशभरच्या मतांची बेरीज आणि सभागृहांतील जागा यांचा मेळ कित्येकदां मुळींच बसत नाहीं. कॅनडांत १९९३ सालीं हें इतकें ठसठशीत दिसलें कीं, त्याचा दाखला पाठ्यपुस्तकांत द्यावा. किम कॅम्बेल या बाईंच्या नेतृत्वाखालील हुजूर पक्षाला शेंकडा १६ मतें पडलीं आणि २९५ पैकीं जागा मिळाल्या २. एकट्या क्वेबेक प्रांतांत उभ्या असलेल्या ब्लॉक क्वेबेक्वा पक्षाला शेंकडा साडेतेरा मतांवर ५४ जागा मिळाल्या. ज्या पक्षाला कॅनडा देशांतून फुटून निघावयाचें होतें तोच पक्ष कॅनडाच्या पार्लमेंटांत अधिकृत विरोधी पक्ष होऊन बसला. पंतप्रधान बाईंची स्वतःची जागाहि गेली.

ही पद्धति बदलण्याचे प्रयत्न तेथें झाले नव्हते असें नाहीं. मानिटोबा व आल्बर्टा या प्रांतांच्या मोठ्या शहरांत प्रांतिक निवडणुकांसाठीं प्रमाणशीर पद्धति १९५० नंतरपर्यंत चालू होती. परंतु सर्वांत बोधप्रद हकीकत ब्रिटिश कोलंबियाची आहे. तेथें लिबरल व हुजूर या दोन पक्षांचें संयुक्त सरकार होतें आणि दोघांनाहि समाजवादी पक्षाची धास्ती होती. तेव्हां त्यांनीं १९५२ च्या निवडणुकीसाठीं पसंतीक्रमाची पद्धति आणली. मतदारानें उमेदवारांपुढें १, २, ३ असे आंकडे घालावयाचे. कोणालाच निम्म्यांहून जास्त पहिलीं मतें न पडलीं तर तळाच्या उमेदवाराचीं मतें त्यांवरील दुसऱ्या पसंतीप्रमाणें वांटावयाचीं. हिशेब असा कीं, लिबरल मतदार दुसरी पसंती हुजुरांना देईल, हुजूर मतदार लिबरलांना देईल आणि समाजवादी बाहेर राहतील. मतदारांनीं हा हिशेब मानला नाहीं. दुसऱ्या पसंतीचीं मतें सोशल क्रेडिट नांवाच्या एका नवख्या पक्षाकडे वळलीं. त्याला ४८ पैकीं १९ जागा मिळाल्या, समाजवाद्यांना १८, आणि ज्यांनीं ही युक्ति काढली त्या दोन्ही पक्षांची मिळून १० जागांवर बोळवण झाली. सोशल क्रेडिटचे पुढारी डब्ल्यू. ए. सी. बेनेट यांनीं पुढच्याच वर्षीं दुसरी निवडणूक घेऊन बहुमत मिळविलें आणि मग ती पद्धति रद्द करून टाकली. शिडी वर ओढून घेणें याहून वेगळें काय असतें?

या वादाचा एक धागा आपल्याकडेहि येतो. जानेवारी १९४९ मध्यें घटनासमितींत मध्यप्रांत-वऱ्हाडचे सभासद काझी सय्यद करीमुद्दीन यांनीं लोकसभेसाठीं प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची उपसूचना मांडली होती. तिला उत्तर देतांना डॉ. आंबेडकरांनीं दोन मुद्दे पुढें केले. या पद्धतीला मतदार साक्षर असावा लागतो, हा एक. आणि पक्षांचे तुकडे पडून सरकार स्थिर राहत नाहीं, हा दुसरा. पहिला मुद्दा काळाबरोबर फिका पडत गेला आहे. दुसरा आजहि वापरांत आहे, आणि ओटावा येथें २०१७ सालीं तोच, थोड्या निराळ्या शब्दांत, पुढें आला.

असो. गांजाच्या प्रश्नाकडे वळूं. १९२३ चा कायदा चाळीस वर्षें निवांत पडून होता. १९६० नंतरच्या दशकांत विद्यापीठांतील तरुण गांजा ओढूं लागले आणि ज्यांचीं मुलें तुरुंगांत जाऊं नयेत असें सरकारला वाटावें अशा घरांतील मुलें कोर्टापुढें उभीं राहूं लागलीं. १९६९ सालीं पिअर ट्रूडो यांच्या सरकारनें कायदेपंडित जेराल्ड ल डॅन यांच्या अध्यक्षतेखालीं कमिशन नेमलें. १९७२ सालीं त्यानें सुचविलें कीं, स्वतःपुरता गांजा जवळ बाळगणें हा गुन्हा मानूं नये. सरकारनें आभार मानले आणि अहवाल कपाटांत ठेवला. २००० सालीं ऑंटॅरिओच्या अपील कोर्टानें फेंफऱ्याच्या एका रोग्याच्या बाजूनें निकाल दिला, तेव्हां औषध म्हणून वापराची वाट २००१ सालीं नियमानें मोकळी करावी लागली. २००२ सालीं सेनेटर पिअर क्लॉद नोलां यांच्या समितीनें तर सरळ कायदेशीर विक्रीचीच शिफारस केली. हे नोलां हुजूर पक्षाचे होते, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्यानंतर शिक्षा सौम्य करण्याचीं विधेयकें आलीं आणि पार्लमेंट विसर्जन होतांच बारगळलीं. जानेवारी २०१२ मध्यें लिबरल पक्षाच्या अधिवेशनानें मोठ्या बहुमतानें ठराव केला, आणि पुढें पक्षाचे नेते झालेले जस्टिन ट्रूडो यांनीं २०१३ सालीं तो उघडपणें उचलून धरला. पित्याच्या कमिशनचें काम चाळीस वर्षांनीं पुत्राच्या हातीं आलें.

हेच ट्रूडो १६ जून २०१५ रोजीं पत्रकारांपुढें उभे राहून म्हणाले कीं, येती निवडणूक जुन्या पद्धतीची शेवटची ठरेल आणि सत्तेवर आल्यास अठरा महिन्यांत तसें विधेयक मांडूं. त्या वेळीं त्यांचा पक्ष सभागृहांत तिसऱ्या क्रमांकावर होता. तिसऱ्या क्रमांकाच्या पक्षाला जुनी पद्धति अन्यायाची वाटते, हें स्वाभाविक आहे. १९ ऑक्टोबरला मतदान झालें. लिबरल पक्षाला शेंकडा साडेएकूणचाळीस मतें पडलीं आणि ३३८ पैकीं १८४ जागा मिळाल्या. ज्या पद्धतीला निरोप द्यावयाचा होता तिनेंच त्यांना निरंकुश बहुमत देऊन टाकलें.

तरी आरंभ बरा झाला. मतदानसुधारणेचें काम मरियम मोन्सेफ या तरुण मंत्रिणीकडे सोंपविण्यांत आलें. सर्वपक्षीय समितींत प्रथम सरकारपक्षाचे सहा सभासद आणि विरोधकांचे चार, अशी योजना होती. निवडणुकीचे नियम निवडून आलेल्या पक्षानेंच ठरवावे काय, असा गलबला झाला. तेव्हां न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे नेथन कलन यांनीं आणलेली सूचना सरकारनें जून २०१६ मध्यें मान्य केली. बारा सभासदांत लिबरल पांच, हुजूर तीन, न्यू डेमोक्रॅट दोन, ब्लॉक एक व हरित पक्षाच्या एलिझाबेथ मे, अशी रचना झाली. सरकारनें आपलें बहुमत आपण होऊन सोडलें, असा प्रसंग पार्लमेंटांत वारंवार येत नाहीं. समिति दहाहि प्रांतांत आणि उत्तरेकडील तिन्ही प्रदेशांत हिंडली. तिनें जवळजवळ दोनशें तज्ज्ञांचें म्हणणें ऐकलें आणि शेंकडों सामान्य नागरिकांना ध्वनिक्षेपकापुढें बोलूं दिलें.

१ डिसेंबर २०१६ रोजीं अहवाल आला. बहुसंख्य सभासदांचें म्हणणें असें कीं, सरकारनें प्रमाणशीर पद्धति आंखावी, आणि ती लोकांपुढें सार्वमतासाठीं ठेवावी. यांतील सार्वमत हुजूर पक्षाला हवें होतें आणि प्रमाणशीर पद्धति इतरांना. दोघांनीं अर्धें अर्धें सोडून ही तडजोड केली होती. पद्धति कितपत प्रमाणशीर असावी याचें मापहि त्यांनीं दिलें. मायकेल गॅलाघर या आयरिश प्राध्यापकानें एक सूत्र बसविलें आहे : प्रत्येक पक्षाच्या मतांचा शेंकडा आणि जागांचा शेंकडा यांतील अंतर काढावें, त्याचा वर्ग करावा, सर्व वर्गांची बेरीज करून निम्मी घ्यावी आणि तिचें वर्गमूळ काढावें. आंकडा जितका लहान तितका न्याय अधिक. समितीनें ५ ही मर्यादा सुचविली. २०१५ च्या निवडणुकीचा आंकडा सुमारें १२ होता.

त्याच दिवशीं सभागृहांत मंत्रीणबाईंनीं तें सूत्र छापलेला कागद उंच धरला, वर्ग आणि वर्गमूळ असें वाचून दाखविलें आणि समितीनें आपलें अवघड काम केलेंच नाहीं असें सुनावलें. सरकारी बाकांवर हंशा पिकला. वर्गमूळ मॅट्रिकच्या मुलाला येतें. त्यांत हंसण्यासारखें काय होतें हें एखाद्या गणितशिक्षकाला समजलें नसतें. खरी अडचण सूत्राची नव्हतीच. दुसऱ्या दिवशीं बाईंनीं आपल्या शब्दांबद्दल माफी मागितली. परंतु सरकारचें मन कोठें आहे तें त्या हंशांत कळून चुकलें होतें.

त्याच्या आधीं, ऑक्टोबर महिन्यांत, पंतप्रधानांनीं माँट्रियलच्या ‘ल दव्वार’ या दैनिकाच्या मुलाखतींत एक वाक्य सहज बोलून टाकलें होतें. त्याचा आशय असा कीं, आधींच्या सरकारवर लोक नाराज होते म्हणून त्यांना नवी पद्धति हवी होती. आतां त्यांना आवडणारें सरकार आलें आहे, तेव्हां निकड उरली नाहीं. इतक्या प्रांजळपणें ही गोष्ट दुसऱ्या कोणत्या राज्यकर्त्यानें सांगितली असेल असें वाटत नाहीं. डिसेंबरांत सरकारनें देशभर एक प्रश्नावली फिरविली. तीन लाख साठ हजारांवर लोकांनीं ती भरली. परंतु कोणती मतदानपद्धति पसंत आहे, हा सरळ प्रश्न तींत नव्हता. जानेवारींत मंत्री बदलल्या. १ फेब्रुवारी २०१७ रोजीं नव्या मंत्री करीना गूल्ड यांना पंतप्रधानांचें आज्ञापत्र मिळालें, त्यांत मतदानपद्धति बदलणें हें आतां तुमच्या कामांत येणार नाहीं, असें लिहिलेलें होतें. कारण असें देण्यांत आलें कीं, देशांत एकमत नाहीं, आणि सार्वमतानें दुफळी माजेल. पुढें असेंहि सांगण्यांत आलें कीं, प्रमाणशीर पद्धतीनें टोकाच्या लहान पक्षांचें फावेल. ३१ मे २०१७ रोजीं समितीचा अहवाल मान्य करावा असा ठराव मतास आला, तो १४६ विरुद्ध १५९ मतांनीं पडला. सरकारपक्षाच्या दोनच सभासदांनीं ठरावाच्या बाजूनें मत दिलें.

ज्या हिवाळ्यांत एक वचन असें गोठत होतें त्याच हिवाळ्यांत दुसरें अंकुरत होतें. समितीच्या अहवालानंतर बाराच दिवसांनीं, १३ डिसेंबर २०१६ रोजीं, गांजाविषयींच्या तज्ज्ञमंडळाचा अहवाल प्रसिद्ध झाला. अध्यक्ष ॲन मॅकलेलन या पूर्वींच्या उपपंतप्रधान, सूचना ऐंशींवर. या अहवालावर कोणी हंसलें नाहीं. १३ एप्रिल २०१७ रोजीं न्यायमंत्री जोडी विल्सन-रेबोल्ड यांनीं विधेयक मांडलें. तें पार पाडण्याचें काम बिल ब्लेअर यांच्याकडे होतें, आणि हे ब्लेअर टोराँटो शहराचे माजी पोलिसप्रमुख! ज्याच्या शिपायांनीं गांजासाठीं माणसें पकडलीं त्याच्याच तोंडून गांजाच्या कायद्याचें समर्थन व्हावें, ही योजना चतुराईची होती.

सरकारचें म्हणणें असें कीं, बंदीनें पौगंडवयांतील मुलांना गांजा मिळावयाचा थांबला नाहीं. नफा मात्र गुन्हेगार टोळ्यांना मिळाला. हुजूर पक्षाचा सवाल असा कीं, दुकानांत विकल्यानें तो मुलांपासून दूर कसा राहणार? घरीं चार झाडें लावूं दिलीं तर पानें कोण मोजणार? सरकारनें किमान वय १८ ठेवलें; वैद्यकमंडळाला २१ हवें होतें. शिवाय १९६१ पासूनच्या तीन आंतरराष्ट्रीय करारांवर कॅनडाची सही होती; त्या करारांचें काय, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळालें नाहीं. न्यू डेमोक्रॅटांची तक्रार उलट बाजूची होती. उद्यां जें कायदेशीर होणार त्यासाठीं आज माणसें कां पकडतां, असें ते विचारीत. २०१६ सालीं पोलिसांकडे गांजाच्या सुमारें ५५ हजार गुन्ह्यांची नोंद झाली होती आणि त्यांतील बहुतेक केवळ जवळ बाळगण्याचे होते. या मुद्द्याला पंतप्रधानांच्याच घरचा दाखला मिळाला. त्यांचा धाकटा भाऊ मिशेल १९९८ सालीं हिमप्रपातांत सांपडून वारला. त्यापूर्वीं थोडे महिने त्याच्यावर गांजा बाळगल्याचा आरोप होता, आणि वडिलांनीं ओळखींतून उत्तम वकील गांठून तो निपटला, असें पंतप्रधानांनीं एप्रिल २०१७ मध्यें जाहीर सभेंत सांगितलें. माजी पंतप्रधानाच्या मुलाला जें जमलें तें झाडूवाल्याच्या मुलाला जमत नाहीं, हें सांगण्याची निराळी गरज उरली नाहीं.

२७ नोव्हेंबर २०१७ रोजीं कॉमन्स सभेंत विधेयक २०० विरुद्ध ८२ मतांनीं मंजूर झालें. खरी झडती झाली ती सेनेटमध्यें. ही सभा निवडलेली नसून नेमलेली असते. सभासद वयाच्या ७५ वर्षांपर्यंत बसतात. तिनें पांच समित्यांकडून विधेयक तपासून घेतलें, आदिवासी जमातींशीं पुरेसा विचारविनिमय झाला नाहीं असें बजावलें, आणि ७ जून २०१८ रोजीं चाळीसांवर दुरुस्त्यांसह तें ५६ विरुद्ध ३० मतांनीं परत पाठविलें. सरकारनें तेरा दुरुस्त्या नाकारल्या. त्यांत मुख्य ही कीं, घरीं झाडें लावण्यास बंदी करण्याचा अधिकार प्रांतांना असावा. सेनेटनें शेवटीं हट्ट सोडला. २१ जूनला राजमान्यता मिळाली. (क्वेबेकनें तशी बंदी केलीच, आणि ती वैध असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं दिला.) १७ ऑक्टोबर २०१८ रोजीं कायदा अंमलांत आला. न्यू फाउंडलंडचें घड्याळ इतर प्रांतांच्या पुढें असल्यामुळें पहिली कायदेशीर पुडी सेंट जॉन्स शहरांत मध्यरात्रीं विकली गेली. अशी मोकळीक देणारा कॅनडा हा जगांतील दुसरा देश; पहिला युरुग्वे, २०१३ सालचा.

आतां मूळ प्रश्न. गांजाच्या कायद्यानें सभागृहांतील एकाहि सभासदाची खुर्ची हलत नव्हती. उलट कराचा तीनचतुर्थांश वांटा प्रांतांना देण्याचें ठरल्यामुळें विरोध करूं शकणाऱ्या प्रांतिक सरकारांचीहि सोय झाली होती. मतदानपद्धति बदलल्यावर मात्र १८४ पैकीं कित्येकांना घरीं बसावें लागलें असतें, आणि हें त्या १८४ जणांनाच मतानें ठरवावयाचें होतें. हें कारण मोठें आहे. परंतु तेवढ्यावर सारा दोष टाकणें बरोबर होणार नाहीं. दोन्ही वचनांच्या घडणींतच फरक होता. गांजाच्या वचनांत काय येणार तें सांगितलें होतें. मतदानाच्या वचनांत काय जाणार एवढेंच सांगितलें होतें. ट्रूडोंच्या मनांत पसंतीक्रमाची पद्धति होती, आणि ती मध्यममार्गी पक्षाला, म्हणजे त्यांच्याच पक्षाला, सोयीची पडेल असा इतरांचा संशय होता. त्यांच्या सहप्रवाशांना प्रमाणशीर पद्धति हवी होती. एका शब्दाखालीं दोन वस्तु दडल्या होत्या. वेष्टन सोडण्याची वेळ आली तेव्हां भांडण होणें अटळ होतें. शिवाय गांजाच्या पाठीशीं दोन मोठे अहवाल आणि कोर्टाचे निकाल होते. मतदानसुधारणेच्या पाठीशीं २००४ सालचा विधि-आयोगाचा अहवाल होता खरा, पण त्याबरोबर प्रांतोप्रांतीं हरलेलीं सार्वमतेंहि होतीं. ब्रिटिश कोलंबियांत २००५ सालीं शेंकडा सत्तावन्नांवर लोकांनीं बदलास कौल दिला, तरी अट साठांची असल्यामुळें तो फुकट गेला.

जुन्या पद्धतीनें दिलेल्या भक्कम बहुमतामुळेंच गांजाचा कायदा होऊं शकला, असाहि युक्तिवाद करण्यांत येतो. तो टिकत नाहीं. २०१५ सालीं लिबरल आणि न्यू डेमोक्रॅट या दोन पक्षांना मिळून शेंकडा एकुणसाठ मतें होतीं आणि गांजाच्या बाबतींत दोघांचें धोरण एकच होतें. प्रमाणशीर सभागृहांतहि तो कायदा पार पडला असता. कदाचित् माफीचें कलम त्यांत पहिल्यापासूनच आलें असतें. न्यूझीलंडमध्यें याच्या नेमकें उलट घडलें आहे. तेथें १९९३ च्या सार्वमतानें लोकांनीं मतदानपद्धति बदलली, आणि २०२० च्या सार्वमतानें त्याच लोकांनीं गांजाला नकार दिला, तोहि शेंकडा ५०.७ विरुद्ध ४८.४ अशा थोडक्या फरकानें. दोन्ही वेळीं निर्णय सभासदांच्या हातून काढून मतदारांच्या हातीं दिला होता. कॅनडाच्या समितीनें सार्वमताची शिफारस केली होती, ती यासाठींच.

जुनी पद्धति राहिली. २०१९ सालीं आणि २०२१ सालीं हुजूर पक्षाला लिबरलांपेक्षां जास्त मतें पडलीं. दोन्ही वेळां जागा लिबरलांना जास्त मिळाल्या आणि ट्रूडो पंतप्रधान राहिले. ६ जानेवारी २०२५ रोजीं राजीनाम्याची घोषणा करतांना, एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, असें ते म्हणाले. मतपत्रिकेवर दुसरी व तिसरी पसंती लिहिण्याची सोय आपण करूं शकलों नाहीं, ही ती गोष्ट. प्रमाणशीर पद्धतीचें नांव त्यांनीं त्या वेळींहि घेतलें नाहीं. त्यानंतर २८ एप्रिल २०२५ ची निवडणूक त्याच पद्धतीनें झाली. तींत ब्लॉक क्वेबेक्वा आणि न्यू डेमोक्रॅटिक या दोन्ही पक्षांना देशभरांतून जवळजवळ सारखींच, शेंकडा सव्वासहाच्या आसपास, मतें पडलीं. पहिल्याला २२ जागा मिळाल्या, दुसऱ्याला ७.